अक्काची गाडी आणि अक्काचा उजवा कान

थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या पत्राला अजून उत्तर गेलेलं नाही, ही गोष्ट ग्रंथपालांना इंजिनाला हात लावला की हटकून आठवायची, आणि मग हात चटकन मागे घ्यावा लागायचा. त्या सकाळीही तसंच झालं. कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊन आलेली मोटारसायकल अंगणात उभी होती. एवढ्याशा फेरीनं ती तापून लाल व्हायला नको होती. त्यांनी बोट टेकवलं, 'आई गं' म्हणून ते तोंडात घातलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अक्काचं वळणदार अक्षर उभं राहिलं.

"भाजलं ना?" सूनबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"नाही, नाही. जरा... चव बघत होतो."

"इंजिनाची?"

ग्रंथपाल बोटावर फुंकर घालू लागले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढली होती. ती पाटी लोकांसाठी होती, पण तिचं तंतोतंत पालन एकट्या त्यांनीच केलं होतं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी ते घरातसुद्धा पुस्तकं शोधणारं कोणी जवळपास असावं तसे दबकत बोलत.

"पत्राचं काय झालं?" सूनबाई सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"लिहितोय."

"मागच्या वर्षीही लिहीतच होतात."

"मायन्याशी अडलोय."

ते खोटं नव्हतं. 'प्रिय अक्का' लिहिलं की फार सलगी वाटायची, 'तीर्थस्वरूप' लिहिलं की अक्का पुढचं वाचायच्या आधीच हसत सुटेल असं वाटायचं. पण खरी अडचण मायन्याच्या खाली होती. अक्कानं लिहिलं होतं:

'बारक्या, गाडी कशी आहे? माझा डावा कान बंद पडला. उजव्याचं शटर अर्धं खाली आलंय. डॉक्टर म्हणतात, तेही पडेल. पडू दे. लोकांचं ऐकायचं तेवढं ऐकून झालंय, जास्तच झालंय. एकच राहिलंय. ते पडायच्या आत गाडी घेऊन ये आणि माझ्या दारात चालू करून दाखव. बसायला मागणार नाही, गुडघे नाहीत, तू घाबरू नकोस. नुसती ऐकायची आहे. – अक्का. ता. क. अंग पुसून आण. तुझं नाही, गाडीचं.'

गाडी अक्काचीच होती. अक्का डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात नर्स होती आणि आसपासच्या वस्त्यांमधली बाळंतपणं करायला याच गाडीवरून जायची. त्या काळी बाईनं मोटारसायकल चालवणं म्हणजे लोकांना बघायला एक कामच मिळायचं. पण पुढे पुढे लोक बघेनासे झाले, ऐकू लागले. वळणावर गाडीचा मऊ, एकसुरी डुगडुगाट आला की घरातलं कोणीतरी उठून म्हणायचं, "अक्का आल्या, पाणी ठेवा." अक्का दारात पोचायची तेव्हा पातेल्याला आधण आलेलं असायचं. त्या डोंगरावरच्या अर्ध्या माणसांनी जगात आल्यावर पहिल्यांदा काय ऐकलं असेल, तर ती गाडी. निदान अक्काचा तसा दावा होता.

गुडघे गेल्यावर तिनं गाडी भावाला दिली. किल्ली हातात ठेवताना एकच सांगितलं. "आवाज जप हिचा."

आणि नेमका तोच गेला.

जायचं कारणही ग्रंथपालांना ठाऊक होतं, कारण त्यांनी ते वाचलं होतं. गाडी लांब चालली नाही, की सायलेन्सर पुरता गरम होत नाही, आत पाणी साचतं आणि तो आतून गंजतो. ग्रंथपालांची गाडी ग्रंथालयापलीकडे कधी गेलीच नव्हती. एक दिवस चौकात ठण्ण आवाज झाला, मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ काका, तुमचं काहीतरी पडलं!" आणि ग्रंथपालांनी वळून पाहिलं तर अक्काचा आवाज रस्त्यावर दोन तुकडे होऊन पडला होता.

दुकानदार म्हणाला, तसला सायलेन्सर बनायचा कधीच बंद झाला. मग त्यानं कपाटावरून एक चकचकीत, आखूड, तोफेच्या तोंडासारखा पाइप खाली काढला. "हा घ्या काका. वजनाला हलका, आत काही अडथळा नाही, धूर सरळ बाहेर. तरणे दिसाल."

ग्रंथपालांना तरणं दिसायचं नव्हतं. त्यांना दिसायचंच नव्हतं. 'नको' म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "वा, छान आहे." दुकानदारानं लगेच पाना हातात घेतला.

पहिल्यांदा गाडी चालू झाली तेव्हा समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. ग्रंथपालांनी घाबरून आजूबाजूला पाहिलं, हा आवाज कुणाचा म्हणून. तो त्यांचाच होता.

तेव्हापासून ते गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेत आणि तिथं चालू करत. चालू केल्यावरही ॲक्सिलरेटर असा पिळत, की जणू कुणाचा तरी कान पिळतोय आणि त्याला दुखू नये. पहिल्या गिअरात, चालत्या माणसाच्या वेगानं, रस्त्यावरच्या प्रत्येकाला मान लववून 'माफ करा' म्हणत ते जात. शेजारून भाजीची पिशवी घेतलेल्या बायका त्यांच्या पुढे निघून जात. आणि गाडी तापे. अशी तापे, की नडगीला चटका बसे, चढ आला की दम तोडे, आणि आतून खडे हलवल्यासारखा आवाज येई. असल्या गाडीवरून डोंगर चढायचा म्हणजे अर्ध्यावरच इंजिन जाम. आणि चढलाच, तर अक्काला ऐकवायचं काय? ही तोफ? पत्राचं उत्तर अडलं होतं ते इथं.

गल्लीत मात्र प्रत्येकाकडे उपाय होता. शेजारी अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ राहायचे. त्यांना सगळे बंबवाले म्हणत. ते एकदा बागेची नळीच घेऊन आले.

"व्हा बाजूला! तापलंय ना? दोन मिनिटांत थंड करतो."

गरम इंजिनावर एकदम गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो, हे ग्रंथपालांनी सकाळीच वाचलं होतं. पण एका माणसाला त्याच्या आयुष्यभराच्या धंद्यातलं शिकवायचं कसं? ते गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "आज नको. मला जरा सर्दी आहे."

"तुम्हाला कोण आंघोळ घालतंय!" बंबवाले म्हणाले.

मेकॅनिकचा उपाय वेगळा होता. मेकॅनिक अंगानं दांडगा आणि आवाजानं त्याहून दांडगा. "होऊन जाईल" हा त्याचा मंत्र. त्यानं आधी जाड ऑइल घातलं. मग आणखी जाड घातलं. मग सीटखालची झाकणं काढून टाकली, "वारं लागू दे" म्हणाला. गाडी तापतच राहिली. दर वेळी तो विचारायचा, "आता कशी आहे काका?" आणि ग्रंथपाल म्हणायचे, "बरीच बरी." मग घरी येऊन बोटाला मलम लावायचे.

खरं तर बिघाड काय आहे हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यांच्या जुन्या ग्रंथालयात दुचाकींवर एक जाडजूड पुस्तक होतं, ते त्यांनी दोनदा वाचून काढलं. पाइप मोकळा झाल्यामुळे इंजिनाचा श्वास मोठा झाला होता, पण कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मात्र जुन्याच मापानं येत होतं. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून आग कडक. जेट नावाचा बारीक भोकाचा पितळी तुकडा बदलून एक नंबर मोठा बसवायचा, पाइप जिथं इंजिनाला जोडलेला असतो तिथलं पॅकिंग नवं घालायचं, आणि प्लग काढून बघायचा: पांढरा पडला असेल तर इंजिन उपाशी, विटकरी असेल तर पोट भरलेलं. सगळं पाठ होतं. फक्त मेकॅनिकसमोर उभं राहिलं की मनात यायचं, आपण कोण? पुस्तकं लावणारा माणूस. पुस्तक चुकीचं असलं तर? आवृत्तीही जुनीच होती.

एका दुपारी सूनबाई फोनवर मोठमोठ्यानं बोलत होत्या. "अक्का, मी! मी बोलतेय! मी हो!" मग त्यांनी फोन ग्रंथपालांच्या कानाला लावला.

पलीकडून अक्काचा आवाज येत होता, निवांत, जराही न थांबता. "फोनचा दिवा लागला म्हणून उचलला. कोण आहे कळत नाही. पण बोलत राहा. मी ठेवत नाही, ठेवून तरी काय करू? बारक्याकडचं कोणी असेल तर त्याला सांगा, सकाळी सगळ्या घराला ऐकू जाईल असा गजर लावते मी, आज ऐकला नाही. त्याला म्हणावं, पत्र नको आता. असू दे. मी समजले."

"अक्का, मी येतोय," ग्रंथपाल म्हणाले.

"कोणी बोलतंय का?" अक्का म्हणाली. "बरं. ठेवते."

सूनबाईंनी फोन घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, एवढ्यानं तर मलाही ऐकू आलं नाही."

ग्रंथपाल उठले, चप्पल घातली आणि गाडी ढकलत सरळ मेकॅनिककडे गेले. वाटेत वाक्य जुळवलं, दोनदा सुधारलं, त्यातला 'कदाचित' काढून टाकला. मेकॅनिक कुणाच्या तरी चेनवर वाकला होता.

"जेट बदला," ग्रंथपाल म्हणाले.

"काय?"

"कार्ब्युरेटरचं. एक नंबर मोठं. आणि पाइपाचं पॅकिंग गळतंय, तेही नवं घाला. जाड ऑइल काढा, कंपनी सांगते तेच घाला. आणि आधी प्लग काढून बघा. तो पांढरा असणार." त्यांना धाप लागली. एवढं सलग बोलून बरीच वर्षं झाली होती. "असं मला वाटतं," त्यांनी सवयीनं जोडलं.

मेकॅनिकनं हात पुसले, प्लग काढला, उन्हात धरला. पांढरा, चुन्यासारखा.

"च्यायला," तो म्हणाला. "काका, हे कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग इतके दिवस का गप्प?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मेकॅनिक त्यांच्याकडे बघतच राहिला. "अहो, मी रोज पंचवीस गाड्या बघतो. तुम्ही 'बरीच बरी' म्हणायचात, मी समजायचो बरी आहे! दुखतंय कुठं ते पेशंटनं सांगायचं नाही, तर डॉक्टर काय स्वप्नात बघणार?" मग एकदम खो खो हसत सुटला. "सर्दी झालीय म्हणून सांगितलंत ना बंबवाल्यांना? सगळ्या गल्लीला माहीत आहे ते. बसा. चहा मागवतो."

जेट बसलं, पॅकिंग बसलं, फिन्समधला, म्हणजे इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांमधला सुकलेला चिखल मेकॅनिकनं स्वतः दात घासायच्या ब्रशनं काढला. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी डबा दिला, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "अंगणातच चालू करा. कोपऱ्यावर ढकलत न्यायची नाही."

"लोक झोपलेत."

"उठतील. माणसं उठतातच सकाळी."

सपाट रस्त्यावर गाडी गुणी मुलीसारखी चालली. डोंगराच्या पायथ्याशी मात्र विटांनी भरलेला एक ट्रक पुढे आला. धुरात, मुंगीच्या पावलानं तो चढत होता, आणि ग्रंथपाल त्याच्या मागे. ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून 'जा पुढे' अशी खूण केली. ग्रंथपालांनी मान लववली आणि मागेच राहिले. दुसऱ्या वळणानंतर पुन्हा खूण. पुन्हा मान. तिसऱ्या वळणावर नडगीला ओळखीचा चटका बसला, आणि आतून ते खडे हलायला लागले.

त्यांनी गाडी झाडाखाली घेतली, बंद केली. आता काय राहिलं? जेट बरोबर. पॅकिंग बरोबर. ऑइल बरोबर. ते मैलाच्या दगडावर बसले आणि पुस्तकातलं पान डोळ्यांपुढे आणू लागले. पान आलं. त्यावर त्यांनीच कधीतरी, दुसऱ्या कुणाला दिसू नये इतकी फिकट, पेन्सिलची रेघ मारली होती: हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं, त्याला वारा मिळाला पाहिजे. रेघ मारली, आणि चालवताना विसरले. पाइप लावला त्या दिवसापासून त्यांनी एकदाही गाडीला वारा लागू दिला नव्हता. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून जे जे केलं, त्याचा सगळा ताप ही बिचारी मुकाट्यानं सोसत होती.

गाडी निवाली. ते उठले. चार वळणांवर ट्रक सापडला. रस्ता सरळ होता, समोर कोणी नव्हतं. ट्रकवाल्याचा हात पुन्हा बाहेर आला, आता जरा वैतागून.

"माफ करा," ग्रंथपाल म्हणाले आणि मूठ पिळली.

तोफ उडाली. दरीतून आवाज परत आला. ट्रक मागे पडला, झाडं मागे पडली, शर्टात वारा शिरून त्यांचा फुगा झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढा गोंगाट करूनही त्यांना कोणी काही म्हणालं नाही. म्हणालं असतं, तरी ऐकू आलं नसतं. नडगीचा चटका हळूहळू उतरला. खडे थांबले. शेवटच्या वळणापर्यंत इंजिन एका दमात, न कुरकुरता गेलं.

अक्काचं घर त्या वळणाच्या वर होतं. ती दारातच उभी होती, चौकट धरून.

ग्रंथपालांनी गाडी उभी केली. येणार असं त्यांनी कळवलंच नव्हतं. ही बाहेर कशी?

"ऐकू आली," अक्का म्हणाली. तिचा चेहरा उन्हात मिचमिचत होता. "खालच्या वळणापासून ऐकू आली रे. आधी वाटलं, भास. मग म्हटलं, भास एवढा बेसूर नसतो. पाणी ठेवलंय. चहाचं. बाळंतपण कुणाचंच नाही ना?"

ती काठी टेकत खाली आली. सवयीनं हाताची मागची बाजू फिन्सच्या जवळ नेली, न टेकवता, कपाळाचा ताप बघावा तशी. काही क्षण तशीच ठेवली.

"चालून आल्याची ऊब आहे," ती म्हणाली. "ताप नाही." मग पाइपाकडे पाहिलं. "आवाज बदललाय हिचा."

आता आली वेळ. ग्रंथपालांनी सगळं सांगायला सुरुवात केली: सायलेन्सर आतून कसा गंजला, चौकात कसा पडला, दुकानदार, तरणे दिसाल, नको म्हणता आलं नाही, आवाज जपायला सांगितला होतास आणि तोच... ते मोठ्यानं बोलत होते, जवळजवळ ओरडत होते. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

अक्कानं त्यांचं बोलणं होईपर्यंत वाट पाहिली.

"ओठ हलतायत, तेवढं दिसतंय," ती म्हणाली. "वर्षभर लिहिलं नाहीस, आता तोंडानं काय सांगतोयस? तोंडाचं दुकान बंद झालं बारक्या. सांगायचं ते लिहून पाठव. आणि हातात नको देऊ. पोस्टानं पाठव. पोस्टमन दारात आला की बरं वाटतं." मग तिनं दारातली खुर्ची ओढली, बसली, आणि उजवा कान गाडीकडे केला. "चालू कर. परत एकदा. पूर्वीची असती तर इथं येऊन उभी राहिली असती तरी मला कळलं नसतं."

त्यांनी चालू केली. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं बोटानं खूण केली: अजून. त्यांनी मूठ पिळली. चहाचं पाणी आत आटून गेलं, करपल्याचा वास आला, तरी दोघंही उठले नाहीत.

दुपारी ते निघाले. उताराखाली पोस्ट होतं. तिथल्या काऊंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन घेऊन त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं, मायन्याशी न अडता. 'अक्का' एवढंच वर लिहिलं आणि खाली सगळं, दुकानदारासकट. शेवटी लिहिलं, 'आता लांब चालवत जाईन. महिन्याला एकदा तरी इथवर.' मग ती ओळ पुन्हा वाचली. 'असं मला वाटतं' हे जोडावं की काय, म्हणून पेन कागदाशी नेलं, आणि दोरीला परत लटकवून टाकलं.

पाकीट पेटीत टाकल्यावर तळाशी टप्प असा आवाज झाला. तो फक्त त्यांनाच ऐकू आला. मग त्यांनी गाडी चालू केली, वरच्या घराकडे पाहिलं, आणि कोणाचीही माफी न मागता मूठ गरजेपेक्षा जरा जास्तच पिळली.